अध्यक्षसाहेब, परिपाठाकडे लक्ष असू द्या

शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षपदी निवड झाल्याबद्दल आधी अभिनंदन. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर तुमचा गॉगलमधला फोटो आला, खाली शुभेच्छुकांची रांग आली. आता पुढे करायचं काय, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने समितीवर तीन चतुर्थांश पालक हवेत असं सांगून ठेवलंय आणि शाळेचा विकास आराखडा करा, अनुदानाचा खर्च बघा, अशी कामंही नेमून दिली आहेत. त्यांच्या नादी लागू नका. आराखडा करायचा म्हणजे मुलींच्या शौचालयाला कडी आहे का हे बघावं लागतं, इस्टिमेट काढावं लागतं, पंचायत समितीत खेटे घालावे लागतात, आणि एवढं करून पेपरात दोन ओळी येत नाहीत. प्रार्थनेचं तसं नाही. खर्च शून्य, प्रसिद्धी अमाप.

तेव्हा एखाद्या सकाळी परिपाठाला जाऊन उभे राहा. आधी कळवू नका, नाहीतर मुख्याध्यापक हार आणून ठेवतील आणि त्यातच अर्धा तास जाईल. राष्ट्रगीत होईल, प्रतिज्ञा होईल, मग संविधानाची उद्देशिका होईल. चौथीतली एखादी खणखणीत आवाजाची पोर 'विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य' असं सांगेल आणि मागून सगळी शाळा ते म्हणेल. उपासनेच्या स्वातंत्र्याची ही घोषणा सावधान स्थितीत पार पडली की लगेच पुढचा हुकूम येतो: हात जोड, डोळे मिट. हे पाहून हसू आलं तर खोकल्याचं निमित्त करा.

तुमचं काम आता सुरू होतं. प्रार्थना ऐकताना अर्थाकडे अजिबात लक्ष द्यायचं नाही, हा पहिला नियम. अर्थात शिरलं की तक्रारीला जागाच उरत नाही. जगातल्या बहुतेक शालेय प्रार्थना 'मला चांगली बुद्धी दे, वाईटापासून लांब ठेव' एवढंच म्हणतात, आणि याविरुद्ध निवेदन लिहिताना कुणाचाही पेन अडखळेल. म्हणून भाषा ऐका, कवीचं आडनाव शोधा आणि देवाला हाक कुठल्या नावाने मारली तेवढं टिपून घ्या.

याचा वस्तुपाठ उत्तर प्रदेशाने घालून दिलाय. 2019 च्या ऑक्टोबरात पिलीभीत जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक निलंबित झाले. मुलं परिपाठाला इकबालांची 'लब पे आती है दुआ' म्हणत होती, असा गुन्हा. 1902 च्या या कवितेत एक मूल देवाकडे मागतं काय, तर माझ्यामुळे जगातला अंधार जावा, मी गरिबांच्या उपयोगी पडावं आणि मला वाईट वाटेपासून वाचव. आता 'वाईटापासून वाचव' याला आक्षेप कसा घ्यायचा? तर वाचव म्हणताना 'अल्लाह' म्हटलं, असा. तेच इकबाल 'सारे जहाँ से अच्छा' लिहून गेले, ते आपण 15 ऑगस्टला बँडवर वाजवतो. पण बँड वाजत असताना कवीचं आडनाव कोण विचारतो? तीन वर्षांनी, डिसेंबर 2022 मध्ये, बरेली जिल्ह्यात याच कवितेवरून आणखी एक निलंबन झालं. तेव्हा हा मार्ग चालतो याची खात्री बाळगा.

तुमचा कल उलट बाजूला असला तरी निराश होऊ नका, सोय दोन्हीकडे आहे. केंद्रीय विद्यालयांतल्या 'असतो मा सद्गमय' विरुद्ध जबलपूरच्या एका वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. म्हणणं असं की, सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत ही प्रार्थना सक्तीने म्हणून घेतात. सक्तीचा मुद्दा वजनदार आहे, पण तो पुढे रेटू नका; कंटाळवाणा आहे. गंमत आली ती प्रार्थना उपनिषदातली असल्यावरून. सरकारी बाजूने सॉलिसिटर जनरल म्हणाले की, खुद्द न्यायालयाच्या बोधचिन्हावरचं 'यतो धर्मस्ततो जयः' तरी महाभारतातूनच आलंय. प्रश्न मूलभूत आहे, घटनापीठापुढे जावा, असं न्यायाधीशांनी जानेवारी 2019 मध्ये ठरवलं. असत्यातून सत्याकडे नेणारा रस्ता कायदेशीर आहे का, हा प्रश्न मोठ्या पीठाचाच, यात शंका नाही. तोवर पोरं वरच्या वर्गात गेली, त्यांना मिशा फुटू लागल्या.

आता दुसरा नियम. सगळी मुलं म्हणत असताना एखादं मूल गप्प उभं असेल तर ते सोडायचं नाही. यासाठी केरळचा अभ्यास करा, कारण तिथे काम फार शिस्तीत झालं. 1985 सालची गोष्ट. एका शाळेत दहावी, नववी आणि पाचवीतली तीन सख्खी भावंडं राष्ट्रगीताला ताठ उभी राहत, पण गात नसत. घरचा पंथ 'यहोवाचे साक्षीदार', आणि यहोवाखेरीज कुणाचंही स्तवन ओठावर आणायचं नाही ही त्यांची श्रद्धा. वर्षानुवर्षं कुणाला त्रास नव्हता. एका आमदारांनी ते पाहिलं, विधानसभेत प्रश्न विचारला, आयोग नेमला गेला. आयोगाने चौकशी करून सांगितलं की मुलं कायदा पाळणारी आहेत, त्यांनी अनादर केलेला नाही. असा निष्कर्ष आल्यावर दुसऱ्या कुणाचा धीर खचला असता. शिक्षण खात्याचा खचला नाही. निरीक्षकांच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकेने 26 जुलैला तिघांनाही शाळेतून काढलं. उच्च न्यायालयाने राष्ट्रगीताचा एकेक शब्द तपासला आणि यात कुणाच्या धर्माला लागेल असं काहीच नाही, असा निर्वाळा दिला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ऑगस्ट 1986 मध्ये सगळा विरस केला: शब्द कसे आहेत हा प्रश्नच नाही, मुलांची श्रद्धा खरी आहे ना, मग त्यांना परत घ्या. आता यातून बोध घेताना निकालाचं पान फाडा आणि आयोगापर्यंतचा भाग ठेवा.

हात न जोडणारे शिक्षकही असतात. नाशिकमध्ये एका अनुदानित शाळेत असे एक शिक्षक निघाले, संस्थेने ती बेशिस्त मानली आणि त्यांचा वरच्या वेतनश्रेणीचा लाभ अडला. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की प्रार्थनेला हात जोडायची सक्ती करता येत नाही, अशी सक्ती मूलभूत हक्काच्या विरोधात जाते. दोन तळहातांमधलं अंतर मोजायला उच्च न्यायालय लागतं, हे महाराष्ट्राच्या प्रगतीचं लक्षण समजा. आणि परिपाठाला शिक्षकांच्या हातांकडे बघायचं विसरू नका.

एक कागद मात्र कुणाच्या हाती लागू देऊ नका, तो म्हणजे घटनेचं 28 वं कलम. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, असं ते सांगतं. आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक उपासना होत असेल तर मुलाला तिथे उभं करण्याआधी पालकाची संमती हवी, असंही सांगतं. संमती! आपल्या शाळा सहलीला नेताना संमतीपत्र घेतात, लस टोचताना घेतात. प्रार्थनेचं संमतीपत्र तुम्ही कुठल्या दप्तरात पाहिलंय? नसेलच पाहिलं. आणि तुम्ही पालक, तुमची समिती पालकांची. तेव्हा बैठकीत कुणी हे कलम काढलंच तर सगळ्यात आधी तुम्हालाच विचारतील की साहेब, तुमची सही कुठंय?

अमेरिकेतला भाचा सुट्टीत येऊन 'आमच्याकडे तर शाळेत प्रार्थनेला बंदीच' असं सांगेल. तो सांगतो ते खरं धरून चला. भाषणात कामी येतं. (खरं असं की मुलाने डबा उघडून आपापल्या देवाचं नाव घ्यायला तिथे कधीच बंदी नव्हती. न्यूयॉर्कच्या सरकारी शिक्षण मंडळाने कुणालाच खटकू नये अशी बेताने 22 शब्दांची प्रार्थना तयार केली होती, आणि 1962 मध्ये न्यायालय म्हणालं की प्रार्थना लिहिणं हे सरकारचं काम नव्हे. मंडळाने बसून लिहिलेली प्रार्थना! विचार करा, तुमच्या समितीने लिहिली असती तर खाली शुभेच्छुकांची नावं आली असती.) भाचा टेक्ससचा असेल तर त्याला 2025 च्या कायद्याबद्दल विचारू नका. तिथे शाळा मंडळाने ठरवलं तर प्रार्थनेसाठी वेगळा वेळ ठेवता येतो, पण पालकाची सही लागते, आणि याबद्दल पुढे दावा करणार नाही असंही त्याच फॉर्मवर लिहून द्यावं लागतं. म्हणजे तिथल्या भाच्याला प्रार्थनेसाठी सही करावी लागते आणि इथल्या मामाला न करताच सगळं मिळतं. उगाच वाद नको.

आता सगळ्यात धोक्याच्या गोष्टीकडे येतो. परिपाठाच्या शेवटी बऱ्याच शाळांत एक-दोन मिनिटं मौन असतं. वरकरणी निरुपद्रवी वाटतं, म्हणून आजवरच्या सगळ्या अध्यक्षांच्या नजरेतून निसटलं. मैदानावर दोनशे मुलं डोळे मिटून बसलेली असतात, आणि त्यातलं कोण कुणाला काय मागतंय याची नोंद कुठेच नसते. एक म्हणत असेल की गुरुजींची आज पंचायत समितीत मीटिंग असू दे. दुसरी म्हणत असेल की खिचडीत आज वटाणे जास्त पडू देत. कुणी विठ्ठलाला सांगत असेल, कुणी अल्लाला, कुणी येशूला, कुणी बुद्धाचं नाव घेत असेल, आणि कुणी नुसताच डोळे किलकिले करून पुढच्याच्या मानेवरची मुंगी बघत असेल. कवी नाही, भाषा नाही, आडनाव नाही. निवेदन द्यायचं तरी कशाविरुद्ध? अमेरिकेतल्या अलाबामा राज्याने तर या मौनालाही कायद्यात बसवलं होतं, हे मिनिट 'चिंतनासाठी किंवा स्वेच्छेने प्रार्थनेसाठी' आहे असं लिहून. 1985 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. तेव्हा तुम्ही कायद्याच्या भानगडीत न पडता मौनच काढून टाका. ती दोन मिनिटं सूचना देण्यासाठी वापरता येतील: उद्या अध्यक्षसाहेबांचा वाढदिवस आहे, सर्वांनी गणवेशात यावे.

ठराव पुढच्याच बैठकीत आणा. विषयपत्रिकेवर घालू नका. 'आयत्या वेळचे विषय' यात घ्या, म्हणजे कुणी तयारी करून येत नाही. सूचक दुसऱ्याला करा, अनुमोदक चहा आणायला सांगितलेल्याला. ग्रामपंचायत सदस्य घाईत असतील, बाईंना जनगणनेचं काम असेल, सह्या पटापट होतील. नियमांत शाळेतल्या मुलालाही समितीवर घेण्याची सोय आहे, आणि तुमच्याकडे तसं एखादं कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाय हलवत बसलेलं असेल. ठराव वाचून झाल्यावर ते हात वर करील. त्याला पाणी प्यायला जाऊ द्या.