सांगायला काय जातंय!

दुपारी मावसभावाचा फोन. "दादा, घर जवळजवळ नक्की केलं. जुनं आहे, पण दुरुस्त करून विकलं की चांगले पैसे सुटतील." म्हटलं, भाव कसा काढलास? तर म्हणे, "जाहिराती बघितल्या की! तिकडे सगळे तेवढेच सांगतायत."

सांगतायत! अरे, सांगायला कुणाचं काय जातंय? मालक सांगतो ती त्याची इच्छा. खरेदीखत ज्या आकड्यावर होतं तो बाजारभाव. जाहिरातीत दिसतात ती घरं अजून विकली गेलेली नाहीत, म्हणून तर जाहिरातीत आहेत. त्यांच्यावरून भाव काढणं म्हणजे नापास पोराची वही बघून पेपर लिहिणं.

एवढा चिडतोय कारण मी तेच केलंय. जुन्या मित्रांना माझं ते 'जिन्याचं घर' आठवत असेल. लाकडी, वळणाचा जिना. कठड्यावरून एकदा हात फिरवला आणि संपलो. मग आकडे जिन्याला शोभतील असे जमवले. जवळचंच एक लहान घर चढ्या दराने गेलं होतं. तोच चौरस फुटाचा दर उचलला आणि माझ्या भल्यामोठ्या घराला गुणला. लहान घराचा दर बहुतेक वेळा जास्तच पडतो, कारण स्वयंपाकघर त्यालाही लागतंच, हे डोक्यातच आलं नाही. वर तो व्यवहार दोन वर्षांपूर्वीचा. आणि त्यांनी क्षेत्रफळ आतून मोजलेलं, मी भिंतींसकट. आनंदच!

ताई तेव्हा म्हणाली होती, उलटा हिशोब कर. दुरुस्त झालेलं तसंच घर त्याच भागात गेल्या सहा महिन्यांत कितीला गेलं ते आधी बघ. त्यातून दुरुस्ती, काम रखडेल तितक्या महिन्यांचं व्याज, विक्रीचा खर्च, भिंत फोडल्यावर निघणारी भानगड आणि तुझा नफा वजा कर. उरेल त्याच्या वर एक पैसा बोलू नकोस. अमेरिकेत हा धंदा करणारे ढोबळ नियम वापरतात: दुरुस्तीनंतरच्या किमतीचे ७० टक्के धरायचे आणि त्यातून दुरुस्तीचा खर्च काढायचा. घर १०० ला जाणार आणि दुरुस्ती २० ची, तर ५० ला थांबायचं. तेजीत असं घर हाताला लागत नाही, मान्य. मग घेऊ नका ना! कुणी जबरदस्ती केलीय?

"ॲपवर किंमत दिसते की," हेही ऐकवलं त्याने. झिलो ही अमेरिकी कंपनी घरांच्या किमती अंदाजण्यासाठीच प्रसिद्ध. तिने स्वतः घरं घेऊन, डागडुजी करून विकायला सुरुवात केली आणि २०२१ मध्ये त्या धंद्याचा गाशा गुंडाळला. एका तिमाहीत हातातल्या घरांची किंमत ३० कोटी डॉलरहून जास्त घटवून दाखवावी लागली. त्यांना काही महिन्यांनंतरचा भाव धरता आला नाही, आणि आमचे बंधुराज फोनवर बघून ठरवणार.

असो. जिन्याचं सांगायचं राहिलं. पॉलिश, नवे कठडे, सगळं हौसेने केलं. गल्लीतल्या सगळ्यात महाग घरापेक्षाही आपलं वर जाईल असं वाटत होतं. गिऱ्हाईक आलं, जिन्यापाशी थांबलं आणि म्हणालं, "आईचे गुडघे दुखतात. हा काढता येईल का?" अकरा महिने घर पडून होतं. शेवटी गल्लीत जो भाव चालतो त्याच भावात गेलं. जिन्याचे वेगळे पैसे कुणी दिले नाहीत.

पोराला फोनवर जरा जास्तच बोललो. आत्ता त्याने फोटो पाठवलेत. खिडकीला रंगीत काचा आहेत. दिसतायत मात्र सुरेख. रविवारी त्याच्याबरोबर जाणार आहे. त्याला बजावलंय, विकल्या गेलेल्या पाच घरांचे आकडे हातात आल्याशिवाय खिडकीकडे बघायचं नाही. दोघांनीही.