कळवायचं, पण सिद्ध करायचं नाही

विषय बाळ्याने काढला, तोही सगळे उठायच्या बेतात असताना. "एखाद्या देशाची माणसं बॉम्ब लावून मारली, तर त्या देशाने निषेधाचे खलिते लिहीत बसायचं? घुसून मारायला नको?"

"मारावं की," वकील म्हणाला. "पण सूड उगवायला, की पुढचा हल्ला थांबवायला?"

"दोन्हीसाठी! फरक काय पडतो?"

झालं. वकिलाला तेवढंच हवं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम ५१ स्वसंरक्षणाचा हक्क देतं. सूड म्हणून बळ वापरू नये, असं आमसभेचा १९७० चा जाहीरनामा सांगतो. मेजर वैतागले. "अहो, सनद १९४५ ची! तेव्हा हल्ला म्हणजे एका देशाचं सैन्य. आता टोळी एका देशात, पैसा दुसऱ्यातून, आणि मरणारे तिसरीकडचे. जागा देणारा हात वर करतो. त्याच्या परवानगीची वाट बघायची?"

यावर वकिलाकडे फारसं उत्तर नव्हतं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेने ठराव १३६८ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केला होता, हे त्यानेच कबूल केलं.

"खार्टूमचं काय?" सुधा इतका वेळ गप्प होती.

ऑगस्ट १९९८. नैरोबी आणि दार-एस-सलाममधल्या अमेरिकी वकिलातींवर स्फोट, दोनशेच्या वर मृत्यू, बहुतेक आफ्रिकन. तेराव्या दिवशी अमेरिकेची क्षेपणास्त्रं सुटली. काही अफगाणिस्तानातल्या अतिरेक्यांच्या तळांवर, काही सुदानची राजधानी खार्टूममधल्या अल-शिफा या औषधांच्या कारखान्यावर. तिथे विषारी वायूचं रसायन बनतं, असा दावा. आधार मुख्यतः कारखान्याजवळून गुपचूप उचललेल्या मातीच्या एका नमुन्याचा. सुदानने चौकशी मागितली, ती झालीच नाही. मालकाचे गोठवलेले पैसे मात्र १९९९ मध्ये अमेरिकेने मुकाट सोडून दिले.

"माहिती चुकते कधीकधी," मेजर जरा हळू बोलले. "शंभर टक्के खात्रीची वाट बघत बसलो तर पुढचा स्फोट होतो. तो निर्णय घ्यायला तुम्ही नसता."

हेही खरंच. मी मेजरांच्या बाजूचा आहे, निम्मा तरी. आसरा देणारा देश ऐकतच नसेल तर तळ उडवणं मला अन्याय्य वाटत नाही. खटकतं ते वेगळंच. कलम ५१ नुसार कारवाई केली की सुरक्षा परिषदेला लगेच कळवायची. कळवायची फक्त, सिद्ध करायची अट नाही.

"मग नंतर तरी पुरावा दाखवावा," सुधा म्हणाली. "वर्षभराने दाखवा."

"आणि आमचे खबरे मारून घेऊ?"

"खबऱ्यांची नावं नकोत. मातीचा नमुना तरी दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासू द्याल?"

मेजर विचारात पडले. "माती द्यायला हरकत नाही," म्हणाले.

बाळ्या म्हणाला, "आणि चूक निघाली तर कारखाना कोण बांधून देणार?" मूळ प्रश्न त्याचाच होता, हे तोवर तो विसरला होता.