धूर नको, अळ्यांचा हिशेब द्या

गावात डेंग्यूचा रुग्ण सापडला की पहिली मागणी होते फॉगिंगची. संध्याकाळी मशीन गल्लीतून फिरतं, धुराचे फोटो गावच्या ग्रुपवर येतात आणि सगळे निर्धास्त होतात. मला याचा दरवर्षी संताप येतो. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा दिवसा चावणारा डास. एरवी तो घरातच बसून असतो, खाटेखाली, दांडीवरच्या कपड्यांमागे, माळ्यावरच्या अंधारात. गल्लीतला धूर तिथवर पोचतच नाही. जे उडते डास धुरात सापडतात तेवढे मरतात, हौदातल्या अळ्या मात्र तशाच राहतात. आठवड्या-दहा दिवसांत त्यांचे डास होऊन पुन्हा घरात!

हा डास मूळचा आफ्रिकेतला. जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून जगभर पसरला. शहरातला डास म्हणून आपण त्याच्याकडे फार काळ दुर्लक्ष केलं. बार्शीत १९७३ साली याच डासामुळे पसरणाऱ्या चिकुनगुन्याची साथ येऊन गेली, मग तो आजार जवळजवळ विसरला गेला. २००६ साली परतला तेव्हा देशात १३ लाखांहून जास्त संशयित रुग्ण नोंदले गेले आणि खेडीही सुटली नाहीत. खुरपणीच्या हंगामात सांधे धरलेल्या बाया भिंतीला धरून उठत होत्या. २०२१ च्या जुलैमध्ये याच डासामुळे पसरणाऱ्या झिकाचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण सापडला तोही पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात.

खेड्यात हा डास टिकतो तो साठवलेल्या पाण्यावर. नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांनी पाणी येतं तिथे बॅरल, रांजण, हौद भरून ठेवण्यावाचून इलाज काय? अशा घरातल्या बाईला ‘आठवड्यातून एकदा सगळं पाणी ओतून कोरडा दिवस पाळा’ एवढंच सांगून निघून जाणं मला अन्यायाचं वाटतं. तिला पुढचंही सांगायला हवं. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवून. भांडं रिकामं झालं तरी ती अंडी कित्येक महिने कोरडी तग धरतात आणि पाणी भरलं की फुटतात. म्हणून रांजण रिता झाला की आतून काथ्याने खरवडून घासायचा, मगच भरायचा. बॅरलच्या तोंडाला कापड घट्ट बांधायचं. जो हौद उपसता येत नाही त्यात आरोग्य सेवकाकडून अळीनाशक टाकून घ्यायचं किंवा गप्पी मासे सोडायचे. गप्पीसुद्धा दक्षिण अमेरिकेतून आलेला मासा आहे, त्यामुळे तो हौदातच ठेवा. कृपा करून ओढ्यात, नदीत सोडू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोजणी. आशाताई आणि आरोग्य सेवक घरोघरी जाऊन बॅटरीच्या उजेडात भांडी तपासतात. शंभरातल्या किती घरांत अळ्या मिळाल्या, हा झाला घर निर्देशांक. शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, हा ब्रेटू निर्देशांक. हे आकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात जातात, तिथून जिल्ह्याच्या हिवताप कार्यालयात. ज्यांच्या घरातून ते गोळा झाले त्यांना मात्र कुणी सांगत नाही. खरं तर रुग्ण सापडण्याआधी धोका ओळखण्याची हीच संधी असते. हा डास सहसा शे-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. आपल्या आळीतले डास आपल्याच आळीतल्या भांड्यांत तयार झालेले असतात, त्यामुळे कुठल्या वस्तीत काम करायचं ते आकड्यावरून लगेच कळतं.

एकेका आरोग्य सेवकाकडे कितीतरी वाड्या-वस्त्या असतात, त्याची ओढाताण मला दिसते. म्हणून शाळेतली मोठी मुलं, बचत गटातल्या बाया यांना अळी ओळखायला शिकवा. फॉगिंगच्या औषधावर आणि डिझेलवर होणाऱ्या खर्चातून हौदांना झाकणं द्या. साथ भडकली असताना घराच्या आतून फवारणी लागते, ती जरूर करा.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हात वर करून वस्तीनिहाय घर निर्देशांक विचारणार आहे, आणि तो दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा असा ठराव मांडणार आहे. तुमच्या गावातही विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा.