किती केसेस घेऊ?

आमच्या जुन्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद पेटलाय: एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना थिसिस सक्तीचा असावा का? मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्राची. त्या मेडिकल कॉलेजच्या पीएसएम, म्हणजे सामाजिक आणि रोगप्रतिबंधक वैद्यकाच्या, विभागात काही वर्षं नोकरी केली, म्हणून ग्रुपवर आहे. आता इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात आरोग्य संशोधकांना अभ्यासाची आखणी आणि विश्लेषण यात मदत करते, तेच माझं पूर्णवेळ काम. त्यामुळे कुणी "परदेशात काय करतात बघा" असं लिहिलं की लगेच माझं नाव टॅग होतं.

एक गट म्हणतो, थिसिस बंद करा. सलग ड्यूट्या करणाऱ्या रेसिडेंटने संशोधन करायचं कधी? शेवटी सगळं जुन्या थिसिसवरून उतरवलेलंच असतं. दुसरा गट म्हणतो, थिसिसही गेला तर पुढे पेपर वाचायला कोण शिकणार? औषध कंपनीचा माणूस दाखवेल तो ग्राफ खरा मानायचा. गंमत म्हणजे दोन्ही गट इंग्लंडचाच दाखला देतात आणि दोघांचंही खरं आहे. इथे स्पेशालिस्ट व्हायला थिसिस लागत नाही, ऑडिट (आपण देतो ते उपचार ठरलेल्या निकषांवर तपासून बघणं) आणि क्वालिटी इम्प्रूव्हमेंटची कामं लागतात. ज्याला संशोधन करायचं तो वेगळी वाट धरतो. आणि जो ती वाट धरतो त्याच्या मदतीला माझ्यासारखी संख्याशास्त्राची माणसं असतात, हेही खरंच.

अशी माणसं तिकडे, भारतातही असतात. फक्त ती बोलावली कधी जातात, एवढंच मला विचारायचंय.

तिकडच्या नोकरीतली एक दुपार आठवते. थिसिस जमा करायला तीन आठवडे उरलेले. ऑर्थोची एक रेसिडेंट लॅपटॉप घेऊन आली. "मॅडम, मास्टर चार्ट तयार आहे, फक्त पी व्हॅल्यू काढून द्या. सर म्हणालेत सिग्निफिकंट आलं पाहिजे." मास्टर चार्ट म्हणजे सगळ्या पेशंटच्या नोंदींचा तक्ता. पी व्हॅल्यू म्हणजे खरा फरक काहीच नसताना नुसत्या योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता; ती ५ टक्क्यांखाली आली की निकाल 'सिग्निफिकंट'. शुगरच्या रकान्यात कुठे "१४०", कुठे "१४० पीपी", कुठे नुसतं "नॉर्मल". ते निस्तरता आलं असतं. पण गुडघ्यात देायच्या दोन इंजेक्शनांची तुलना करणाऱ्या तिच्या ६० केसेस म्हणजे ६० गुडघे होते आणि माणसं होती ३८. बावीस जणांचे दोन्ही गुडघे घेतलेले. एकाच माणसाचे दोन गुडघे एकाच वजनाखाली, एकाच जिन्यावर झिजतात. त्यांना दोन स्वतंत्र माणसं धरलं की आपल्याकडे आहे त्यापेक्षा जास्त पुरावा असल्याचा भास होतो. यावर विश्लेषणात थोडाफार इलाज होतो, तो केला. पण उजव्या गुडघ्याला एक इंजेक्शन आणि डाव्याला दुसरं, असं आधीच ठरवलं असतं तर हीच अडचण तिच्या कामी आली असती. प्रत्येक पेशंटची तुलना त्याच्या स्वतःशीच झाली असती. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "मॅडम, हे दोन वर्षांपूर्वी कोणी सांगितलं नाही."

मग मी तिचा सिनॉप्सिस, म्हणजे सुरुवातीला मंजुरीसाठी दिलेला थिसिसचा आराखडा, उघडला. सॅम्पल साइजचं सूत्र तेच, सगळ्या थिसिसांत असतं ते: ४पीक्यू भागिले एल वर्ग. मुळात हे सूत्र एखादं प्रमाण किती आहे एवढं मोजायच्या सर्व्हेचं. दोन उपचारांच्या तुलनेशी त्याचा संबंध नाही. त्यात पी, म्हणजे अपेक्षित प्रमाण, ५० टक्के धरा (क्यू म्हणजे उरलेले ५०) आणि एल, म्हणजे चालेल ती चूक, ५ टक्के धरा, उत्तर ४०० येतं. एवढे पेशंट कुठून आणायचे? मग एल वाढवत न्यायचा. १३ टक्के केला की उत्तर येतं ५९, म्हणजे ६०. गाइडला हवे होते तेवढेच. सूत्र उलटं चालवलेलं असतं आणि एथिक्स कमिटीच्या टेबलावरून ते सुखरूप पुढे जातं.

आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणारा रोनाल्ड फिशर हे पूर्वीच सांगून गेला होता: प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे त्याला पोस्टमॉर्टेम करायला सांगणं, प्रयोग कशाने मेला एवढं तो फार तर सांगू शकेल. इथल्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये हे वाक्य स्लाइडवर येतं. तो हे कुठे बोलला, ते स्लाइडवर सहसा नसतं. कलकत्त्यात, १९३८ साली, भारतीय सांख्यिकी परिषदेच्या पहिल्याच अधिवेशनात. आपल्याच घरी येऊन सांगितलेलं वाक्य मला इंग्लंडच्या स्लाइडवरून वाचायला मिळालं.

आता इथलं. मागे एक फिजिओथेरपिस्ट आली. पाठदुखीवर नवा व्यायामक्रम, नेहमीच्या व्यायामाशी तुलना. तिच्याकडे अजून एकही पेशंट नव्हता, डेटा नव्हता, दोन पानांचा कच्चा मजकूर होता. तिचाही प्रश्न तोच: किती केसेस घेऊ? मी विचारलं, दुखणं मोजणार कसं? ० ते १०० ची पट्टी. किती फरक पडला तर पेशंट म्हणेल की हो, बरं वाटतंय? यावर ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, १० गुण असावेत. आधीच्या अभ्यासांवरून प्रमाण विचलन, म्हणजे माणसामाणसांतल्या गुणांचा विखुरलेपणा, साधारण २० धरलं. ८० टक्के पॉवर (फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के पातळी (फरक नसताना तो आहे असं वाटण्याची शक्यता) धरून दर गटात ६४ माणसं लागतात. १५ टक्के मधेच गळतील असं मानलं तर ७६, दोन्ही गट मिळून १५२. ती ३०-३० धरून आली होती. तेवढ्यात फरक निदान १५ गुणांचा असता तरच तो भरवशाने सापडला असता. आणि १० ऐवजी ५ गुणांचा फरक शोधायचा म्हटलं तर माणसं चौपट. ती तीनदा येऊन गेली आणि शेवटी तिने मोठी ट्रायल बाजूला ठेवली. पेशंट तयार होतात का, टिकतात का, हे बघणारा छोटा फिजिबिलिटी अभ्यास आधी करायचं ठरवलं. कागदावर बघाल तर या तिन्ही भेटींचं फलित शून्य.

या भेटींचे पैसे तिला पडले नाहीत. एनआयएचआर ही सरकारी पैशांवर चालणारी आरोग्य संशोधनाची यंत्रणा २००६ पासून आहे. अनुदानाचा अर्ज करण्याआधी संशोधकांना आखणीत मदत करणारी सेवा ती चालवते. आधी तिचं नाव रिसर्च डिझाइन सर्व्हिस होतं, ऑक्टोबर २०२३ पासून रिसर्च सपोर्ट सर्व्हिस. यात उदारपणा कमी आणि हिशोब जास्त. फसलेल्या ट्रायलवर पैसे घालवण्यापेक्षा सल्ल्यावर घातलेले परवडतात.

पण इथे सगळं आलबेल आहे असं ग्रुपवरच्या कुणाला वाटत असेल तर त्याने शुक्रवारी संध्याकाळची माझी मेल उघडून बघावी. "रिव्ह्यूअरने आकडेवारीवर शंका काढलीय, सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय." हे पोस्टमॉर्टेमच. शिवाय ही सगळी सोय अनुदान मागणाऱ्यांसाठी. विनाअनुदान काहीतरी धडपडणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यापीठातला तासाभराचा स्लॉट मिळाला तर मिळाला. डग ऑल्टमन या इथल्याच संख्याशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात निकृष्ट वैद्यकीय संशोधनाला सरळ 'स्कँडल' म्हटलं होतं, आणि करिअरसाठी संशोधन करावंच लागतं हे त्याचं एक मूळ असल्याचं दाखवलं होतं. आमच्या ग्रुपवर आज जे चाललंय ते त्याला परकं वाटलं नसतं.

थिसिस बंद करा म्हणणाऱ्यांशी मी तरीही सहमत नाही. आपल्याकडे मेडिकल कॉलेजात पीएसएम विभागात संख्याशास्त्रज्ञाचं पद असतं, माझं होतं. इंग्लंडला जे विद्यापीठागणिक उभं करावं लागलं, त्याची बीजं आपल्या नियमांत आधीच आहेत. पण त्या पदावरच्या माणसाने एमबीबीएसची लेक्चर्स घ्यायची, विभागाचे रिपोर्ट करायचे आणि उरल्या वेळात अख्ख्या कॉलेजच्या थिसिसांना पी व्हॅल्यू पुरवायची. त्याचं नाव आभाराच्या पानावर, टायपिस्टच्या जरा वर. आणि जिथे हेही जमत नाही तिथे बाहेर सगळं तयार करून देणारे बसलेलेच आहेत. त्यांना मी फार दोष देत नाही. कॉलेजने सोडलेली जागा त्यांनी भरली.

मधल्या काळात एक चांगली गोष्ट झाली. चेन्नईच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिओलॉजीचा संशोधनपद्धतींवरचा ऑनलाइन अभ्यासक्रम आता रेसिडेंटांना करावा लागतो. व्हिडिओ बरे आहेत, मी बघितलेत. पण ६० गुडघे म्हणजे ६० माणसं नव्हेत, हे तुमचा सिनॉप्सिस हातात घेऊन व्हिडिओ सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच, की संख्याशास्त्रज्ञाची सही मास्टर चार्टनंतर नको, सिनॉप्सिसवर हवी. आणि दर रेसिडेंटला वेगळा विषय कशाला? एकाच प्रश्नावर चार बॅचेस, जमलं तर चार कॉलेजं मिळून करू देत. प्रत्येकाने त्यातला आपला भाग लिहावा.

हे स्वप्नरंजन म्हणायचं कारण नाही. क्षयरोग्यांवर घरी ठेवून उपचार करायचे की सॅनेटोरियममध्ये, याचा निकाल मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्राने लावला, पेशंट चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटून. केंद्र १९५६ मध्ये सुरू झालं, निष्कर्ष १९५९ मध्ये आले: घरचे उपचारही जवळपास तेवढेच गुणकारी. जगभरात सॅनेटोरियमं मागे पडण्यात त्याचा मोठा वाटा आहे. आणि पद्धतीवर चारचौघांत भांडायचं तर आपल्याच संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्म्यांनी, रोमच्या एफएओत (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) वर्षानुवर्षं काम करून परतल्यावर, अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांशी वाद घातला: एकाच माणसाचं खाणं दिवसागणिक कमीजास्त होत असेल तर उष्मांकांच्या एका ठरावीक आकड्याच्या खाली तो उपाशी, असं म्हणता येईल का? कोण बरोबर होतं हे जाऊ द्या. पण तो वाद "सिग्निफिकंट आलं पाहिजे" या पातळीवरचा नव्हता.

हे सगळं ग्रुपवर लिहायला घेतलं आणि निम्म्यात सोडलं. तोवर तिथे कुणाच्या तरी निवृत्तीचे फोटो येऊ लागले होते. त्याच रात्री भाचीचा फोन आला. मेडिसिनला पहिलं वर्ष.

"मावशी, थिसिसला किती केसेस घेऊ?"

"विषय काय?"

"तो अजून ठरलेला नाही. सर सोमवारी सांगणारेत. पण सिनॉप्सिसमध्ये आकडा लागतो ना."

"सरांना भेटायला जाताना मला फोनवर घे," म्हटलं. तिला ते जरा अवघड वाटलं. विचारून बघते म्हणाली.