लॉस एंजेलिसचा दाखला कशासाठी?

वणव्यांवर विमानातून औष्णिक कॅमेऱ्याने नजर ठेवावी, असा विषय भारतात निघाला की हल्ली एक उत्तर ठरलेले असते: एवढी साधने असूनही जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस जळालेच ना? मी कॅलिफोर्नियात राहतो आणि हे ऐकले की माझा संयम सुटतो, कारण त्या वणव्यांतून नेमका उलटा अर्थ निघतो.

७ जानेवारीच्या रात्री वारा इतका सोसाट्याचा होता की पाणी टाकणारी विमाने जमिनीवरच ठेवावी लागली. मात्र तो वारा येणार, हे हवामान खात्याने रेड फ्लॅगचा, म्हणजे वणवा भडकेल अशा कोरड्या, वादळी हवेचा, इशारा देऊन आधीच सांगितले होते. अंदाज खरा ठरला; आग विझवण्याचे बळ अपुरे पडले. त्या एका रात्रीवरून सारी यंत्रणा निकालात काढणाऱ्यांना बाकीचे वणवे दिसत नाहीत.

येथील वनसेवेची विमाने रात्री उडतात, कारण दिवसभर तापलेली जमीन निवल्यावर आग अधिक स्पष्ट उठून दिसते, आणि धुरामुळे डोळ्यांना न दिसणारी तिची कड अवरक्त किरणांत टिपता येते. फायरिस या कॅलिफोर्नियाच्या वणवा-टेहळणी योजनेत विमानाने टिपलेली ही कड सॅन डिएगोच्या वायफायर या वणव्यांचा अंदाज बांधणाऱ्या प्रयोगशाळेकडे जाते. तेथे वारा, आर्द्रता, उतार आणि सुक्या गवता-झुडपांचा हिशेब होऊन पुढच्या काही तासांत आग कोठे पोहोचेल याचा अंदाज निघतो. हवामानाची जोड नसेल, तर हाती उरते ते नुसते छायाचित्र.

भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे वणव्यांचे इशारे देते, हे मी येथील सहकाऱ्यांना अभिमानाने ऐकवतो. भारतातल्या मित्रांना मात्र तिच्या उणिवाच सांगतो: उपग्रहावरून आग टिपणाऱ्या व्हीआयआयआरएस उपकरणाचा एक ठिपका ३७५ मीटरचा, आणि दुपारी दीडच्या सुमाराची फेरी हुकली तर त्याला ती आग दिसायला मध्यरात्र उलटते. दोन्ही खरे आहे; सोयीचे तेवढे त्या त्या ठिकाणी बोलतो, एवढेच.

खरे तर कॅलिफोर्नियापेक्षा आपल्या पानगळीच्या जंगलांत हे तंत्र अधिक उपयोगी पडावे. वणव्याच्या ऐन हंगामात झाडे निष्पर्ण असतात, त्यामुळे वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला फारसा आडोसा नसतो. आग बहुधा पाचोळ्यातून सरपटते आणि वेळेवर कळली तर मोजक्या माणसांना आवरता येते. आधी वनमजुरांचे पगार आणि जाळरेषा (आग अडवण्यासाठी आधीच मोकळे केलेले पट्टे), मग विमाने, हा आक्षेप मला मान्य आहे. पण जाळरेषा कोठे कमी पडली, हेही आगीची कड पाहिल्याशिवाय कळत नाही.

‘तू तिकडे बसून सांगतोस,’ हेही ऐकवले जातेच. रेड फ्लॅगच्या दिवशी गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी करण्याची सवय मला येथे लागली आहे. तरी फेब्रुवारीपासून नासाच्या नकाशावर सह्याद्रीतले लाल ठिपके मीच पाहत बसतो, आणि त्यांतले मुद्दाम पेटवलेले शेत कोणते, जंगल कोणते, हे मला सांगता येत नाही. तिथल्या वनरक्षकाला ते एका नजरेत कळते. त्याच्या हाती रात्रीच्या उड्डाणाचा नकाशा आणि जंगलाच्या आतल्या हवामान केंद्राची नोंद पहाटेपूर्वी द्यावी, एका वनविभागात, एका हंगामापुरती. मग लॉस एंजेलिसचे नाव घ्यावे.