‘घाम येतोय म्हणजे विष निघतंय’ हा मेसेज पुढे पाठवू नका

मंगळवारी पहाटे पावणेपाचला आत्याचा फोन आला. “पोरी, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. घाम फुटतोय, नाक गळतंय, पाय एका जागी राहीनात. पण काळजी नको करू, विष निघतंय.” कसलं विष म्हणून विचारलं, तर कंबरदुखीसाठी चालू असलेली ट्रामाडोल ही वेदनाशामक गोळी तिने एकदम बंद केली होती. कारण म्हणून तिने भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला मेसेज मला पाठवला. तोच मेसेज आठवडाभरात माझ्या मेडिकलच्या काउंटरवर तिघांनी मोबाइल पुढे करून दाखवलाय, म्हणून लिहायला बसले.

मेसेज थोडक्यात असा: ट्रामाडोल म्हणजे अफू, ती घेणारा व्यसनी झालाच. गोळ्या आजच फेकून द्या. चार दिवस घाम, जुलाब, बेचैनी होईल, ते साठलेलं विष बाहेर पडतंय. कंबरदुखीला फिट्सच्या आणि डिप्रेशनच्या गोळ्या देणारा डॉक्टर तुम्हाला फसवतोय. त्याऐवजी आमचं चूर्ण घ्या, शंभर टक्के नैसर्गिक.

आधी विषाचं बोलू, कारण यात जीव जाऊ शकतो. ट्रामाडोल महिनोन्‌महिने रोज पोटात गेलं की मेंदू आणि नसा त्याला धरूनच आपलं काम बसवून घेतात. ते एकदम काढून घेतलं की इतके दिवस दबलेलं सगळं उसळतं. घाम, जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, जुलाब. औषध स्वतः साधारण दोन दिवसांत शरीरातून निघून गेलेलं असतं. म्हणजे त्रास ऐन भरात येतो तेव्हा बाहेर पडायला आत काही उरलेलंच नसतं! त्रास होतो तो औषध नसल्यामुळे.

आत्या ६८ वर्षांची, बीपीची गोळी चालू, त्यात जुलाब. मी पोचले तेव्हा भिंत धरून मोरीकडे चालली होती आणि ट्रामाडोलच्या दोन भरल्या स्ट्रिपा कचऱ्याच्या डब्यात, चहाच्या चोथ्याखाली. पडली असती तर?

ज्या अमेरिकेत अफूच्या जातीच्या अशा गोळ्यांनी घरंच्या घरं बुडवली, तिथल्याच एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) एप्रिल २०१९मध्ये धोक्याची सूचना काढली: अवलंबून असलेल्या रुग्णाची अशी औषधं अचानक बंद करू नका. अचानक बंद केल्यावर तीव्र त्रास, अनावर दुखणं, मानसिक यातना, अगदी आत्महत्याही झाल्याचं त्यांच्याकडे नोंदवलं गेलं होतं. डोस उतरवायचा तर साधारणपणे दर २ ते ४ आठवड्यांनी १० ते २५ टक्क्यांहून जास्त नाही, तोही रुग्ण बघून. इतकं पोळलेला देश ‘हळूहळू’ म्हणतो आणि हा मेसेज ‘आजच फेका’ म्हणतो.

आता ‘व्यसनी झालाच’. शरीराला सवय लागणं वेगळं, व्यसन वेगळं. सांगितल्या वेळी सांगितलेली गोळी घेणारी आत्या व्यसनी नव्हे. महिन्याच्या गोळ्या वीस दिवसांत संपणं, दोन डॉक्टर आणि तीन मेडिकल फिरणं, दुखत नसतानाही झोपेसाठी किंवा बरं वाटावं म्हणून घेणं, घरच्यांपासून लपवणं, ही खरी लक्षणं. ती दिसली तरी माणसाला हिणवू नका. डॉक्टरकडे न्या. त्यावर उपचार आहेत.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. ट्रामाडोल निरुपद्रवी नाही. ते कारखान्यात बनत असलं तरी मेंदूत काम करतं ते अफूच्याच वाटेने. म्हणूनच आपल्याकडे २०१८मध्ये ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. कंबर-गुडघ्यांच्या जुनाट दुखण्यावर ते कायमचा इलाजही नाही. २०१८मध्येच ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २४० रुग्णांचा वर्षभराचा अभ्यास आला. पाठ, खुबा आणि गुडघ्याच्या जुन्या दुखण्यात या जातीची औषधं साध्या वेदनाशामकांपेक्षा सरस ठरली नाहीत. आत्याची चिठ्ठी पंधरा दिवसांची होती. तिच्या गावातल्या मेडिकलने तीच चिठ्ठी बघून आठ महिने गोळ्या दिल्या. माझ्याच धंद्यातली ही चूक आहे आणि मला तिची चीड येते. अशा गोळीची विक्री वेगळ्या रजिस्टरमध्ये चढवायची असते, ती उगाच नव्हे.

फिट्सच्या आणि डिप्रेशनच्या गोळ्यांचं एवढंच: दबलेल्या नसेच्या दुखण्यावर प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन जगभर देतात, कारण दुखण्याचा निरोप नेणाऱ्या नसांवर त्या काम करतात. तुम्हाला वेडं ठरवून कोणी त्या देत नाही. त्याही एकदम सोडायच्या नसतात.

आणि ते चूर्ण. ज्या पुडीवर ना घटक, ना परवाना क्रमांक, तिने दोन दिवसांत गुडघे मोकळे झाले तर आधी शंका घ्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मिसळलेलं सापडलेलं आहे. चेहरा गोल होतो, शुगर चढते, हाडं ठिसूळ होतात, किडनीवर येतं. स्टेरॉइड महिनोन्‌महिने पोटात गेलेलं असलं, तर पुडी अचानक बंद करणंही जिवावर बेतू शकतं.

आत्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं. गोळी पुन्हा सुरू करून आता उतरवतायत. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सकाळची अर्धी झालीय, रात्रीची अजून पूर्ण. (तिची गोळी साधी आहे. नावापुढे ‘एसआर’, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, असं असेल तर तोडायची नाही.) सोबत फिजिओथेरपिस्टने दिलेले चार व्यायाम. कॅलेंडरवर ती रोज पेनाने खूण करते. काल म्हणाली, कंबर दुखतेच आहे, पण झोप लागली.