जिद्दीने माणूस वाचतोच? कथा तसं सांगत नाहीत

इंदूरच्या मराठी वाचकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर फिरतोय: 'जगण्याची जिद्द असली की मृत्यूही हरतो, जगभरच्या कथा हेच सांगतात. तिकडचा नायक लढतो, आपला नशिबाला शरण जातो.' पुरावा म्हणून जॅक लंडनची 'टू बिल्ड अ फायर', ओ. हेन्रींची 'द लास्ट लीफ' आणि प्रेमचंदांची 'पूस की रात'. या तिन्ही कथांतून असा निष्कर्ष निघत नाही.

जॅक लंडनच्या कथेतल्या माणसात जिद्द भरपूर आहे. तो मरतो चुकांमुळे. उणे 75 फॅरनहाइटमध्ये, म्हणजे सेल्सिअसमध्ये सुमारे उणे 59 ला, जाणत्याचा सल्ला डावलून तो एकटा निघतो. बर्फाखालच्या पाण्यात पाय नडगीपर्यंत भिजतात. शेकोटी तो स्प्रूसच्या झाडाखालीच पेटवतो, कारण तिथल्या काटक्या ओढून थेट आगीत टाकता येतात. दर ओढीला झाड हलतं. शेवटी फांद्यांवरचा बर्फ कोसळून आग विझते. बोटं बधिर झाल्यावर 70 काड्या एकदम पेटवतो, हात भाजतात, पण थरथरीने काटक्या विस्कटतात आणि तीही आग जाते. लंडनने 1902 मध्ये हीच कथा मुलांसाठी लिहिली होती. त्यात नायक वाचतो. 1908 च्या, गाजलेल्या कथेत वाचत नाही.

'द लास्ट लीफ'मध्ये, खिडकीबाहेरच्या वेलीचं शेवटचं पान गळलं की आपण मरणार असं मानणारी आजारी जॉन्सी वाचते खरी. पण तिच्यासाठी पावसात भिंतीवर पान रंगवणारा म्हातारा चित्रकार बेहरमन न्यूमोनियाने दोन दिवसांत जातो. श्रेष्ठ चित्र काढायची आस त्याने 25 वर्षं बाळगली होती. त्या आशेने तो का वाचला नाही?

आता 'पूस की रात'मधला शेतकरी हल्कू. त्याला शरणागत म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. घोंगडीसाठी साठवलेले 3 रुपये देणं फेडण्यात गेले, अंगावर जुनी चादर, सोबत जबरा कुत्रा. नीलगायी शेतात शिरल्यावर तो दोन-तीन पावलं जातो, वारा झोंबतो, तो परत राखेच्या उबेला बसतो. माळव्यात पौषातल्या रात्री रोजडे, म्हणजे नीलगायी, हाकलणाऱ्याला ते दोन-तीन पावलांचं अंतर समजेल. पीक आलं तरी देण्यातच जाणार होतं. हल्कू पीक सोडतो, जीव राखतो.

आणि आपला नायक लढत नाही? अण्णा भाऊ साठेंच्या 'स्मशानातील सोनं'मधला भीमा दगडाची खाण बंद पडल्यावर प्रेतं उकरून, त्यांच्यावरचं सोनं काढून पोट भरतो. कोल्ह्यांशी झुंजून तो जिवंत सुटतो, पण प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटं कापावी लागतात. त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याचं कळतं. दगड फोडायची बोटं गेल्यावर नुसती जिद्द त्याच्या घरात भाकरी कशी आणणार, याचं उत्तर त्या मजकुरात नाही.